दोन मिनिटं म्हणजे किती

आमच्या विभागात माणसाला नावानं हाक मारत नाहीत, गावावरून मारतात. फार पूर्वी इथं एकाच नावाचे तिघं जण होते. एकाला बोलावलं की तिघंही उठून यायचे. तेव्हापासून ही पद्धत पडली. जालना रोडवरच्या करमाडहून येणारे ते करमाड, सोयगावची ती सोयगाव. मी शहरातलीच, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत वाढलेली. मला समोर मॅडम म्हणतात आणि मागं मोजपट्टी. दोन्ही नावं मला माहीत आहेत, आणि दुसरं जास्त बरोबर आहे. मी घरी भाताला पाणीसुद्धा वाटीनं मोजून घालते.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं आहे. मोटारसायकलच्या इंजिनमधून तेल गळू नये म्हणून रबराच्या कड्या बसवतात, त्या आम्ही बनवतो. लहान मुलीच्या बांगडीएवढी एक कडी. तिच्या काठावर केसाएवढी चीर असली तरी तेल गळतं. माझा विभाग शेवटच्या तपासणीचा. आम्ही सात जण दिवसभर भिंगाखाली कड्या बघतो. चांगली निळ्या ट्रेमध्ये, खराब लाल ट्रेमध्ये, आणि जिच्याबद्दल खात्री नाही ती पिवळ्या ट्रेमध्ये. पिवळ्याचा निर्णय मी करते.

आता खुलताबाद कशी आली ते सांगते.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी मला एकदा बोलावून सांगितलं, "तुमच्याकडं एक बाई येतायत. एकतीस वर्षांच्या, बी.कॉम. त्यांना ऑटिझम आहे. आपल्याकडं स्वमग्नता म्हणतात ते. आधीच्या दोन्ही नोकऱ्या सहा महिन्यांच्या आत सुटल्या. आपणही सहा महिने बघू. मग तुम्ही फॉर्म भरा, कायम करायचं की नाही ते मी ठरवतो."

"त्यांची काळजी कशी घ्यायची?"

"ते तुम्ही बघा. सगळं मोजता ना तुम्ही."

ती आली तेव्हा सगळ्यात आधी तिनं आमचं भिंतीवरचं घड्याळ बघितलं. "हे चार मिनिटं पुढं आहे."

करमाड हे आमच्यातले सगळ्यात जुने. चोपन्न वर्षांचे, गप्पिष्ट, आणि कुणी मुसलमान दिसलं की लगेच हिंदी बोलायला लागणारे. ते म्हणाले, "वो मुद्दामच रख्या है बाई. बस चुकू नये करके."

"म्हणजे चार मिनिटं पुढं आहे हे सगळ्यांना माहीत आहे?"

"हौ."

"मग उपयोग काय?"

करमाड घड्याळाकडं बघत राहिले. अकरा वर्षं ते घड्याळ पुढं होतं आणि हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही. ती पुढं म्हणाली, "आणि तुम्ही मराठीत बोला. तुमची हिंदी मला समजत नाही." सोयगाव एरवी दिवसभरात दहा वाक्यं बोलत नाही. ती इतकी हसली की तिला भिंग बाजूला ठेवावं लागलं.

मी तिला विचारलं, "तुझ्या ऑटिझमबद्दल इतरांना सांगायचं का?" ती म्हणाली, "सांगा. पण मी समोर असताना सांगा." मग तिनंच सांगितलं. सहा जणांसमोर उभी राहून, कागदावर लिहून आणलेलं.

"स्वमग्न म्हणू नका. मी स्वतःत मग्न नसते. मला सगळंच ऐकू येतं, तेच अवघड आहे. पंखा, भिंगाचा दिवा, बाहेरचा ट्रक, सगळं सारख्याच मोठ्यानं. कॅन्टीनमध्ये मी जेवू शकत नाही. पाठीवर हात ठेवू नका. काम एका वेळी एक सांगा. आणि जे म्हणायचंय तेच म्हणा."

"म्हंजे?" करमाड.

"म्हणजे जे म्हणायचं नाही ते म्हणू नका."

"मग मी दिवसभर बोलू काय?"

सगळे हसले. ती थोड्या वेळानं हसली, पण हसली.

सुरुवातीला मी चुकलेच. चांगुलपणानं चुकले. दर तासाला तिच्या टेबलापाशी जाऊन विचारायची, "बरं वाटतंय ना?" तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, हा प्रश्न आज पाचव्यांदा. प्रत्येक वेळी मला कडी खाली ठेवावी लागते." त्यानंतर मी दिवसातून एकदा विचारू लागले, सुट्टीच्या वेळी. ती खरं उत्तर द्यायची. "आज सत्तर टक्के बरं." अशी उत्तरं मला आवडतात.

तिच्या सांगण्यावरून दोन बदल केले. पाण्याच्या टाकीमागं एक लिंबाचं झाड आहे, त्याखाली जुना बाक टाकला. तिथं ती डबा खायची. आणि तिच्या डोक्यावरची ट्यूब बदलली. तिचं म्हणणं, ट्यूब लुकलुकते. आम्हाला कुणालाच ती लुकलुकताना दिसली नव्हती. ट्यूब बदलल्यावर आठवडाभरानं सोयगाव माझ्याकडं आली. "मॅडम, माझं डोकं दुखायचं थांबलंय. वर्षभर दुखत होतं. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला."

तिच्या कामाबद्दलही नेमकं सांगायला हवं, कारण अशा गोष्टीत माणसाला जादूगार करून टाकायची लोकांना सवय असते. ती जादूगार नव्हती. चिरा पकडण्यात आमच्या सात जणांत सोयगाव पहिली, करमाड दुसरे आणि ती तिसरी. पण दुपारी चारला आमच्या सगळ्यांच्या चुका वाढतात, तिच्या वाढत नसत. आवाजाचा दिवस असला तर मात्र सकाळी दहालाच वाढायच्या. तेव्हा ती कान झाकणारे हेडफोन घालायची आणि पंधरा मिनिटं लिंबाखाली बसून यायची. एवढंच.

मग तिसऱ्या महिन्यात ते पिवळ्या ट्रेचं झालं.

त्या ट्रेमध्ये दोनशे कड्या होत्या, माझ्या निर्णयासाठी थांबलेल्या. मी साहेबांच्या मीटिंगला गेले होते. करमाडांनी तिला सांगितलं, "या ट्रेपाशी दोन मिनिटं उभी राहा. कुणाला हात लावू देऊ नको. मॅडमला घेऊन मी आलोच."

ती उभी राहिली. मनगटावरच्या घड्याळात बघून दोन मिनिटं. मग आपल्या टेबलावर गेली. करमाड वीस मिनिटांनी आले, कारण वाटेत त्यांना चहा भेटला आणि चहाबरोबर एक जुना मित्र. तोवर पॅकिंगवाल्यांनी ट्रे उचलून दोनशे कड्या खोक्यात भरल्या होत्या.

मालाची गाडी गेटवर असताना मी आकडे ताडून बघितले. कागदावर दोन हजार चारशे, खोक्यांत दोन हजार सहाशे. गाडी थांबवली, कड्या काढल्या, कुणाचं काही बिघडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ऑफिसातून तिच्या नावानं मेमो निघाला. 'सूचनेचे पालन केले नाही.' विभागप्रमुख म्हणून खाली माझी सही लागत होती. मी केली.

मेमो तिनं दोनदा वाचला. "सूचना दोन मिनिटं उभं राहायची होती. मी एकशे वीस सेकंद उभी होते."

"अगं, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं."

"मग तसं का म्हणाले?"

त्यानंतरचे काही दिवस तिनं लिंबाखाली डबा उघडलाच नाही. नुसती बसायची. खुलताबादला तिच्या वडिलांचं लहानसं शिलाईचं दुकान आहे, भाऊही तिथंच असतो. ती पहाटेची एसटी पकडून शहरात यायची आणि तिथून कंपनीच्या बसनं शेंद्र्याला. पहिल्या दोन नोकऱ्यांतही सुरुवात अशाच कागदानं झाली होती, हे तिनंच मला सांगितलं. मग म्हणाली, "मॅडम, माझी चूक कुठली ते दाखवा. मी पुन्हा करणार नाही."

मी शोधली. प्रामाणिकपणे शोधली. सापडली नाही. आणि माझी सही तर त्या कागदावर होती.

मला हिशेब लागत नाही तेव्हा मी वही काढते. खिशात मावेल एवढी वही घेतली आणि तीन रकाने आखले. 'दोन मिनिटं' कोण म्हणालं, किती वाजता म्हणालं, किती वाजता परत आलं. कुणाला न सांगता नोंदी सुरू केल्या.

घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि माझी मापं शांतपणे सोसतो. म्हणाला, "सगळ्यांची मोजतेस. तुझी कोण मोजतंय?"

"माझी कशाला? मी वेळेची पक्की आहे."

"परवा 'दोन मिनिटांत खाली येते' म्हणालीस. मी गेटवर उभ्यानं अख्खा पेपर वाचला. छोट्या जाहिरातींसकट."

दुसऱ्या दिवशी मी सोयगावला विश्वासात घेतलं आणि माझी 'दोन मिनिटं' मोजायचं काम तिच्याकडं दिलं. तीन आठवड्यांत एकूण चौसष्ट नोंदी झाल्या. एका शनिवारी चहाच्या वेळी मी त्या वाचून दाखवल्या.

करमाड, एकोणीस वेळा. सरासरी सोळा मिनिटं. सगळ्यात जास्त बावन्न.

"बावन्न कधी?" करमाड म्हणाले.

"बुधवारी. कॅन्टीनमध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता."

"ते मोजायचं नसतंय, मॅडम. केक होता."

सोयगाव, चार वेळा. सरासरी तीन मिनिटं. मोठे साहेब सहा वेळा आमच्या विभागात डोकावून 'दोन मिनिटांत आलो' म्हणून गेले. त्यांची सरासरी बेचाळीस, कमीत कमी एकतीस. मग सोयगावनं आपला कागद काढला आणि खाली बघत वाचला. "मॅडम, अकरा वेळा. सरासरी चौदा."

मला पटेना. मी कागद घेऊन पुन्हा बेरीज केली. चौदाच आली.

"व्हय," करमाड म्हणाले, "मोजपट्टीच आखूड निघाली." मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते एकदम चहा ओतायला लागले.

मग खुलताबादनं हात वर केला. "म्हणजे या खोलीत दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं असं मानणारी मी एकटीच होते?"

"हो."

"मग बरं झालं. मला वाटत होतं, मला घड्याळ कळत नाही."

त्या दिवसापासून आमच्या विभागात नियम झाला. दोन मिनिटं म्हटलं तर दोनच. नाहीतर खरा आकडा सांगायचा. मी उत्साहात बाजारातून सात घंटीची घड्याळं आणली, स्वयंपाकघरात लावतात तसली. पहिली घंटी वाजली आणि खुलताबादनं दोन्ही कान दाबून धरले. तिला आवाजाचा त्रास होतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी तिच्या सोयीसाठी घंट्या विकत आणल्या होत्या. सातही परत केल्या. दुकानदारानं कारण विचारलं. मी म्हटलं, वाजतात. तो बराच वेळ माझ्याकडं बघत होता.

मग पाट्या आणल्या. शाळेतल्या, लाकडी चौकटीच्या. प्रत्येकाच्या टेबलाला एक टांगली. उठताना पाटीवर लिहायचं, कुठं चाललोय आणि किती वाजता परत. कामात असलो तर किती वाजता मोकळे होऊ ते. भिंतीवरचं घड्याळही चार मिनिटं मागं घेतलं. पहिल्या आठवड्यात दोघांची बस चुकली. त्यानंतर कुणाची चुकली नाही.

करमाडांना हा खेळ फार आवडला. ते लिहायचे, 'चहा ७, गप्पा ९, परत ३.४६.' आणि खरंच तीन-सेहेचाळीसला दारात उभे. एकदा चव्वेचाळीसलाच पोचले, तर दोन मिनिटं बाहेर थांबून आत आले. काम सांगतानाही आम्ही कागदाच्या चिठ्ठीवर एकेक ओळ लिहून द्यायला लागलो. ते मूळ तिच्यासाठी होतं. महिन्याभरात सोयगाव म्हणाली, मलाही चिठ्ठीच द्या, तोंडी सांगितलेलं मी घरी जाईपर्यंत मनात घोळवत बसते. मग सगळ्यांनाच चिठ्ठ्या. खुलताबाद पुन्हा डबा खायला लागली. कधीकधी करमाड परवानगी काढून तिच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचे आणि दहा मिनिटं न बोलता जेवायचे. त्यांच्या बायकोला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही, असं ते स्वतःच म्हणायचे.

साहेबांना मी यातलं काही सांगायला गेले की ते म्हणत, सहा महिन्यांनी बघू. मेमो फाइलमध्ये तसाच होता.

सहा महिने एका गुरुवारी संपले. साहेबांनी आम्हा दोघींना अकराला बोलावलं. फॉर्म मी भरून दिला होता. फाइल टेबलावर होती आणि सगळ्यात वर तो मेमो. खुलताबादनं मेमोकडं बघितलं आणि मग आपल्या बोटांकडं. साहेबांनी फॉर्म उघडला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते उठले. "दोन मिनिटं बसा, आलोच." तेव्हा अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती.

अकरा-पाचला ती उठली. "मॅडम, दोन मिनिटं झाली. माझा ट्रे अर्धा राहिलाय."

मी 'बस' म्हणू शकत होते. 'त्यांना तसं म्हणायचं नव्हतं' हे शब्द तोंडापर्यंत आले होते. पण तेच शब्द मी मेमोच्या वेळी बोलले होते. नियम माझा होता आणि नोकरी तिची. मी म्हटलं, "साहेबांची दोन मिनिटं दोन नसतात. वहीत सरासरी बेचाळीस आहे."

"कमीत कमी किती?"

"एकतीस."

तिनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. "दोन गेली. एकोणतीस राहिली. ट्रेला सव्वीस लागतील. तीन मिनिटं उरतात. मी करून येते." आणि गेली.

कमीत कमी म्हणजे फक्त आजवरचं कमीत कमी, हे मी इतरांना कितीदा सांगितलं असेल. त्या दिवशी साहेब नऊ मिनिटांत परत आले.

"त्या कुठं गेल्या?"

मी सरळ सांगितलं. "साहेब, तुम्ही दोन मिनिटं म्हणालात. ती दोन मिनिटं बसली." आणि वही उघडून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी सगळ्या नोंदी वाचल्या. स्वतःच्या नावावर बोट ठेवून थांबले. "बेचाळीस?"

"सहा नोंदींची सरासरी आहे. आजची धरली तर सदतीसवर येते."

ते फाइल उचलून उठले आणि विभागाकडं चालू लागले. मी मागून. तिथं ती भिंगाला डोळा लावून बसली होती, हेडफोन घातलेले, पाठ आमच्याकडं. टेबलाच्या पाटीवर लिहिलं होतं, 'मोकळी ११.३१.' साहेबांनी पाटी वाचली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. अकरा-चौदा. करमाडांनी पटकन स्टूल सरकवलं. "बसा साहेब. सतरा मिनिटं हायेत."

मला वाटलं, आता संपलं. साहेब बसले.

सतरा मिनिटं साहेबांनी आमच्या विभागात काढल्याचं मला त्याआधी आठवत नाही. पहिली पाच ते फोनकडं बघत होते. मग पाट्या वाचायला लागले. मग सोयगावनं न बोलता त्यांच्या हातात एक भिंग आणि एक कडी दिली. त्यांनी ती फिरवून फिरवून बघितली. "चांगली आहे." सोयगावनं मान हलवली आणि नखानं चीर दाखवली. साहेबांनी अजून एक मागितली.

अकरा-एकतीसला खुलताबादनं शेवटची कडी निळ्या ट्रेमध्ये ठेवली, हेडफोन काढले आणि वळली. साहेबांना बघून ती दचकली नाही, पण तिच्या कपाळावर आठी आली.

"तुम्ही लवकर आलात," ती म्हणाली.

साहेब हसले. आधी थोडंसं, मग चांगलंच. तेवढ्यावर सगळा विभाग हसला, आणि या वेळी ती आमच्या बरोबरीनं हसली. साहेबांनी फॉर्म तिथंच, तपासणीच्या दिव्याखाली, टेबलावर ठेवून सही केली. ती हलली नाही.

"आता काय?" साहेबांनी विचारलं.

"तो मेमो. त्यात लिहिलंय सूचनेचं पालन केलं नाही. मी केलं होतं."

साहेबांनी फाइलमधून मेमो काढला. वाचला. "केलं होतं," म्हणाले, आणि आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं. त्याखाली सही केली. मीही माझ्या जुन्या सहीवर रेघ मारून नवी सही केली. मला इतकं हलकं वाटत होतं की सवयीनं बोलून गेले, "साहेब, तारीख राहिली."

"घालतो हो, मोजपट्टी."

करमाड छताकडं बघायला लागले. नाव वरपर्यंत पोचलंय हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी तिनं भावाला फोन लावला. "हौ भाई, पक्की हो गई," एवढंच बोलली आणि फोन कानापासून लांब धरला, कारण पलीकडं दुकानातली सगळी माणसं एकदम बोलत होती. लांब धरलेल्या फोनमधून आम्हालाही ते ऐकू येत होतं. तिनं तो बंद केला नाही. शेवटपर्यंत तसाच धरून ठेवला.

सिडकोच्या चौकात बसमधून उतरताना मी तिला म्हटलं, "चल, उद्या भेटू."

"उद्या शुक्रवार आहे. साप्ताहिक सुट्टी."

"हो की. मग परवा."

"परवा," ती म्हणाली. "सव्वासात वाजता. इथंच."